गर्दीचं कॉलेज

सरांच्या घरी गेलं की बापाला आधी बाहेर बसावं लागे. ओट्यावर एक लोखंडी खुर्ची होती, बसलं की ती डावीकडे कलायची. सर दारातच सांगायचे, "पालकांनी इथं हवा खात बसावं. परीक्षा तुम्ही दिलेली नाही." मग मुलाला किंवा मुलीला आत घेऊन दार लोटून घ्यायचे. आत पहिलं दर्शन व्हायचं ते सांगाड्याचं. श्रीगोंद्याच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांनी उभा जन्म प्राणिशास्त्र शिकवलं होतं. प्रयोगशाळेतला जुना सांगाडा भंगारात निघाला तेव्हा त्यांनी तो रिक्षात शेजारी बसवून घरी आणला. त्याच्या खांद्यावर ते धुतलेला शर्ट वाळत घालायचे. एका मुलाची आई दार ढकलून आत डोकावली आणि जागेवरच मटकन बसली, अशी गोष्ट गावात सांगत. त्यानंतरही सांगाडा हलला नाही. शर्ट मात्र बदलत राहिला.

लग्नात सरांच्या पंगतीला बसायला कुणी तयार नसे. जावळाच्या नाहीतर हळदीच्या जेवणात मटण असलं की सर ताटातलं हाडूक उचलून उजेडात धरायचे आणि शेजारच्याला विचारायचे, "सांग, मागचा पाय की पुढचा?" शेजारच्याची भूक तिथंच संपायची. मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. मोबाईल नाही. कुणी म्हणालं, सर, तुम्हाला फोन कसा लावायचा, तर म्हणायचे, "लावू नका. या."

आणि लोक यायचे. नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की जूनपासून पार दिवाळीपर्यंत त्यांच्या ओट्यावर बाप बसलेले असायचे. ज्यांच्या पोरांना भरपूर मार्क पडले ते कधी आले नाहीत, त्यांना कुणाला विचारायची गरज नव्हती. यायचे ते आमच्यासारखे. धड नापासही नाही आणि सरकारी एमबीबीएसला लागतील असेही मार्क नाहीत. मधल्या मधे लटकलेले. कर्जत, जामखेड, पार दौंडहूनसुद्धा माणसं यायची आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा. एवढ्या मार्कांवर कुठलं कॉलेज टाकू?

मी गेले तेव्हा माझी तिसरी खेप झालेली होती. पहिल्या वर्षी बारावीबरोबर, मग दोन वर्षं ड्रॉप घेऊन नगरला मावशीकडे राहून क्लास. आमचं गाव कर्जत तालुक्यात. आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, लिंबाची बाग आहे. दहावीला मला चांगले मार्क पडले त्या दिवसापासून आण्णांनी मला डॉक्टर करून टाकलं होतं. गावात कुणी माझं नाव घेतच नसे. किराणा दुकानात गेले तरी "या डॉक्टरीणबाई", पारावरून गेले तरी "डॉक्टरीणबाई, आमच्या गुडघ्याचं बघा की जरा." सुरुवातीला हसू यायचं. तिसऱ्या वर्षी मी दुकानात जायचं बंद केलं. तिसरा निकाल लागला, मार्क दुसऱ्या वेळेपेक्षा थोडेच वाढले होते. आण्णा दिवसभर बागेतून घरी आले नाहीत. मला रडूही आलं नाही. नुसती झोप येत होती. किती झोपले तरी येत होती.

सरांनी मला मार्क विचारलेच नाहीत. समोर बसवलं आणि म्हणाले, "उलटी काढता येते का?"

"म्हणजे?"

"दुसऱ्याची. कुणी उलटी केली तर फडकं घेऊन पुसता येते का? की आईला हाक मारतेस?"

मी म्हटलं, आजी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, तिचं सगळं मीच करायचे.

"आवडायचं?"

"नाही. पण जमायचं."

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "चौथ्यांदा परीक्षा द्यायची नाही. पुन्हापुन्हा पेपर देऊन अक्कल वाढत नाही, चष्म्याचा नंबर वाढतो. आहे त्या मार्कांत बघू." मला त्या वाक्यानं एकदम मोकळं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी थांब म्हणालं होतं.

बाहेर आण्णांकडे वेगळाच बेत तयार होता. त्यांना कुणी एजंट भेटला होता. शेजारच्या जिल्ह्यात नवं खासगी एमबीबीएस कॉलेज निघालंय, तिथं कुणी फारसं जात नाही, ऑप्शन फॉर्ममध्ये तेच पहिलं टाका, संस्थेच्या कोट्यातून हमखास लागेल, असं त्यानं सांगितलं होतं. "बाकीचं मी बगतो," आण्णा सरांना म्हणाले. "फकस्त तुमी हो म्हना. एमबीबीएस हाय ना? मग झालं."

"तुम्ही कॉलेज बघितलं?"

"फोटू बगितला. लई मोठी बिल्डिंग हाय."

"पाहुणे," सर म्हणाले, "पोरगी देताना घर बघता, घरातली माणसं बघता, विहिरीला पाणी आहे का ते बघता. आणि कॉलेज निवडताना नुसती कमान बघता होय? सोमवारी एसटीनं जाऊ."

हीच सरांची रीत होती आणि याच रीतीमुळे निम्मं गाव त्यांना वेडं समजायचं. कुठल्याही मुलाला ते घरात बसून कॉलेज सांगत नसत. एसटीनं तिथवर जायचं, ऑफिसात पाऊलही टाकायचं नाही, थेट दवाखान्याच्या खिडकीवर रांग लावून स्वतःच्या नावानं केसपेपर काढायचा. कधी पोटात दुखतं म्हणायचं, कधी चक्कर येते म्हणायचं. मग कोण तपासतं, कसं तपासतं ते बघायचं. परत आले की निकाल एका वाक्यात. "पोटात दुखतं म्हणालो, तर त्यानं पोटाला हातच लावला नाही. हे नको." किंवा, "शिकाऊ पोरानं मला आडवं केलं आणि आधी स्वतःचे हात चोळून गरम केले. हे टाका." त्यांच्या मते वैद्यकीय कॉलेजात बघण्यासारखी गोष्ट एकच. पेशंट. "पेशंट नसेल तिथं डॉक्टर तयार होत नाहीत, नुसते पास होतात," असं ते म्हणायचे.

सोमवारी आम्ही तिघं निघालो. दोनदा एसटी बदलून दुपारी पोचलो. कॉलेजची इमारत खरंच मोठी होती, सगळी काचेची, पुढं कारंजं. आण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की मला पुढं बघवेना. सर मात्र कारंज्याला वळसा घालून केसपेपरच्या खिडकीकडे गेले. रांग नव्हती. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "बाबा, तुम्ही आपल्या गाडीतून आलात ना?" सर म्हणाले, "हो." तिनं हातानंच वरच्या मजल्याचा वॉर्ड दाखवला.

वॉर्डात सगळ्या खाटा भरलेल्या होत्या. आण्णांना हायसं वाटलं. "बगा," ते हळूच म्हणाले, "पेशंट हायत की." पण चार पावलं आत गेल्यावर माझ्या लक्षात आलं, काहीतरी चुकतंय. कुणाला सलाईन नव्हतं. कुणी कण्हत नव्हतं. कोपऱ्यातल्या खाटेवर चौघं पत्ते खेळत होते. एक बाई शेंगा सोलून शेजारणीला देत होती. फिनेलचा वास होता, आजाराचा नव्हता.

सर पहिल्याच खाटेवर टेकले. तिथं एक मध्यम वयाचा माणूस भिंतीला टेकून बसला होता. किसन नाव, जवळच्या वीटभट्टीवर कामाला.

"काय होतंय किसनराव?" सरांनी विचारलं.

"मला व्हय? काय बी न्हाई."

"मग इथं कसे?"

"तपासनीला सायब येनार हायत म्हनं. गाडी आल्ती भट्टीवर. झोपून ऱ्हावा म्हनले, हजेरी बी देतो आन् दोन टायमाचं जेवान बी." तो हसला. "असली मजुरी कुटं घावती?"

आण्णा दाराजवळ उभे होते. त्यांनी ऐकलं. टोपी काढून हातात घेतली.

सर किसनशी गप्पा मारत होते आणि मी खाली बघत होते, कारण वर कुणाकडे बघायची मला लाज वाटत होती. म्हणून त्याचे पाय दिसले. खाटेवरून खाली सोडलेले, तकतकीत सुजलेले, चपलेच्या पट्ट्याचा वळ मांसात रुतलेला. आजीचे पाय शेवटी असेच झाले होते. मी न विचारताच वाकले आणि नडगीवर अंगठा दाबला. काढला तर खड्डा तसाच राहिला.

"मामा, पाय कधीपासून सुजलेत?"

"ते व्हय, लई दिस झालं. उनात हुबं ऱ्हाऊन आसंल."

"रात्री झोपता येतं?"

"आडवं झालं की दम कोंडतो. बसूनच झोपतो मी."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग खाटेच्या पायथ्याला लटकवलेला कागद बघितला. त्यावर डॉक्टरांनी तपासल्याच्या सह्या होत्या. खोट्या पेशंटांच्या त्या वॉर्डात एक माणूस खरा आजारी होता आणि दिवसभर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. बघणार कोण? तिथं बघायला शिकवत कोण होतं?

सर आरडाओरडा करतील असं मला वाटलं. तसं काही झालं नाही. ते किसनला म्हणाले, "चला, सरकारी दवाखान्यात जाऊ." किसन घाबरला. हजेरी जाईल, मुकादम ओरडेल, असं म्हणू लागला. वॉर्डातली एक नर्स आली आणि म्हणाली, पेशंटला असं नेता येत नाही.

"पेशंट आहे का हा?" सरांनी विचारलं.

तिनं वळून दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मागच्या जिन्यानं न्या."

जिना उतरताना किसनला धाप लागली. तेव्हा आण्णा पुढं झाले. बडबडत होते, "आमी अॅडमिशन बगाया आलो का मान्सं वाहून न्यायला," पण बडबडत बडबडतच त्यांनी त्याला खांद्याचा आधार दिला आणि रिक्षापर्यंत जवळजवळ उचलून नेलं.

सरकारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पॅसेजमध्ये गाद्या, भिंतीला टेकलेली माणसं, लहान मुलांची रडारड. किसनला एका बाकड्यावर बसवलं. एक शिकाऊ डॉक्टर मुलगी आली. माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. केस कसेतरी गुंडाळलेले, अॅप्रनच्या खिशातून बिस्किटाचा पुडा डोकावतोय. तिनं आधी किसनच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, पाय दाबला, मानेवरची शीर निरखली, पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिली. "मामा, श्वास घ्या. सोडा. परत घ्या." मग धावत जाऊन मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, हृदयावर ताण आलाय, लगेच दाखल करा.

सरांनी तिला गाठलंच. "बाळ, कॉलेज कुठलं तुझं?"

तिनं नाव सांगितलं. आयुर्वेदाचं, अनुदानित, लांबच्या जिल्ह्यातलं. क्लासच्या एकाही जाहिरातीवर मी ते कधी वाचलं नव्हतं.

"म्हंजी ही आयुर्वेदिकची हाय?" आण्णा मला म्हणाले, पण तिला ऐकू गेलं. ती थकल्यासारखी हसली. हा प्रश्न तिला नवा नसावा.

"तिथं पेशंट असतात?" सरांनी विचारलं.

"सर, तिथं आम्हाला बसायला स्टूल मिळत नाही," ती म्हणाली आणि पुढच्या बाकड्याकडे गेली.

परतीच्या एसटीत आण्णा पुढच्या सीटवर झोपले होते. की डोळे मिटून बसले होते, कोण जाणे. सर माझ्या शेजारी होते. कधी नव्हे ते आपणहून बोलले.

"आमच्या चौकात दवाखाना होता एका मुलीचा. माझ्याच वर्गातली. फार हुशार. तिला कॉलेज मीच सांगितलं होतं. नाव मोठं, इमारत मोठी. माझ्या बायकोच्या छातीत दुखायला लागलं, तर ती मुलगी धावत घरी आली. पित्ताची गोळी दिली आणि म्हणाली, काकू, पडून राहा." ते खिडकीकडे वळले. "संध्याकाळपर्यंत आटोपलं."

"तुम्ही तिला काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? माझ्यापेक्षा जास्त ती रडली. म्हणाली, सर, असा पेशंट मी शिकताना कधी पाहिलाच नव्हता. पुस्तकात होता." त्यांनी स्वेटरच्या टोकानं चष्मा पुसला. "मी आयुष्यभर पोरं कमानीतून आत ढकलली. आत काय आहे, ते बघायला एकदाही गेलो नव्हतो."

त्यांच्या वेडेपणाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. मी तो कुणाला सांगितला नाही. लोक हसत होते ते हसत राहिले, सरांनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

फॉर्म भरायची मुदत जवळ आली. आण्णा पुन्हा मूळ पदावर आले होते. "डिग्री तर तीच हाय ना? नंतर शिकता येतंय की. नावापुढं एमबीबीएस लागलं म्हंजी झालं. गावाला काय सांगू मी? पोरगी काढे उकळायला शिकती म्हनून?" ते मला घेऊन सरांकडे गेले, सरांनी आपली बाजू घ्यावी म्हणून. त्या दिवशी सरांनी त्यांना ओट्यावर बसवलं नाही, आत बोलावलं. आण्णांनी सांगाड्याकडे पाठ करून बरंच काही ऐकवलं. तुमच्या नादानं आमचं वाटुळं होतंय, इथपर्यंत गेले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले. "मी काही सांगणार नाही. तू दोन्ही बघितलीस."

मला वाटलं होतं, ते सांगतील. मी थकले होते आणि मला कुणीतरी सांगायला हवं होतं. तीन वर्षं मी दुसऱ्यांनी सांगितलेलंच करत आले होते. त्या क्षणी मला सरांचा रागच आला.

सायबर कॅफेत फॉर्म भरताना आण्णा शेजारी स्टुलावर बसले होते. एमबीबीएसच्या यादीत मी सरकारी कॉलेजं टाकली, लागणार नाहीत हे माहीत असूनही. काचेच्या इमारतीच्या नावापाशी आले आणि थांबले. आण्णा म्हणाले, "टाक." मी म्हटलं, "आण्णा, तो माणूस बसून झोपत होता." ते म्हणाले, "टाक, म्हनतो ना मी." मी पुढच्या पानावर गेले. आण्णा उठले, बाहेर पडले आणि मला तिथंच सोडून गाडीवरून गावाला निघून गेले. पुढं आयुर्वेदाच्या फेरीचा फॉर्म मी एकटीनं जाऊन भरला. त्या मुलीनं सांगितलेलं कॉलेज पहिलं टाकलं. ते लागलं.

किसनचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. सर दोनदा भेटून आले. तिसऱ्यांदा गेले तर खाटेवर दुसराच कुणी होता. मुलगा येऊन घेऊन गेला, एवढंच कळलं. ज्याच्यामुळे माझं सगळं ठरलं त्या माणसाच्या गावाचं नावही आम्ही विचारलं नव्हतं.

आण्णा माझ्याशी महिन्याभरानं बोलू लागले. सरांशी मात्र कधीच बोलले नाहीत. श्रीगोंद्याच्या बाजारात समोरून आले तर रस्ता बदलायचे. गावाला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण "डॉक्टरीणबाई" ही हाक बंद पडली. मला ते आवडलं. त्यांना ते फार लागलं असणार.

मी शिकले. बसायला स्टूल खरंच नव्हतं. आता मी अकोले तालुक्याच्या डोंगरात एका आरोग्य उपकेंद्रात आहे. ताप, खोकला, बीपी, साप चावलेला माणूस, गरोदर बायका, भातलावणीत वाकून वाकून कंबर गेलेल्या म्हाताऱ्या. पावसाळ्यात जीप येत नाही, तेव्हा मी चालत जाते. यात मोठं काही नाही, रोजचं काम आहे आणि ते संपत नाही. सरांना वर्षातून एकदा भेटायचे. ते उपकेंद्राबद्दल फार विचारत नसत. "जेवण वेळेवर करतेस का?" एवढंच.

यंदा थंडीत सर गेले. न्युमोनिया झाला आणि दोन दिवसांत आटोपलं. मी दहाव्याला पोचले.

आमच्याकडे दहाव्याला माईक असतो, प्रवचन असतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. एक पुढारी उठले आणि म्हणाले, सरांनी तालुक्याला शेकडो नामवंत डॉक्टर दिले. मी आजूबाजूला बघितलं. नामवंत कुणी नव्हतं. एक दातांचा डॉक्टर होता, फिजिओथेरपी करणारा एक जण, गुरांचे दोन डॉक्टर, काही नर्सा, रक्त तपासणारा एक मुलगा आणि माझ्यासारखे. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकाच जातीचा थकवा. मागच्या रांगेत एक बाई पदर तोंडाशी धरून एकटीच बसली होती. चौकातल्या दवाखान्याची ती मुलगी हीच असावी असं मला वाटलं, पण मी विचारलं नाही.

तेवढ्यात माणसांतून कुणीतरी माईककडे जाताना दिसलं. आण्णा. ते येणार आहेत हेही मला ठाऊक नव्हतं. त्यांना माईक धरता येत नव्हता, शिट्टी वाजली, कुणीतरी नीट करून दिला.

"मी कर्जतचा," ते म्हणाले. "ह्या मान्साशी मी लई वर्सं बोललो न्हाई. माझी चूक हुती का त्येंची, ते जाऊ द्या." मग माईकची वायर बोटांना गुंडाळत राहिले. लोक चुळबुळू लागले. "मागल्या पावसाळ्यात मी पोरीकडं गेल्तो, अकोल्याला. न सांगता. लांब बसून बगत हुतो. मान्सं डोंगरावनं चालत येत हुती. कुनी तिला डॉक्टरीन म्हनत न्हवतं. ताई म्हनत हुती." त्यांनी माईक खाली केला, परत वर घेतला. "मी तसाच माघारी आलो. सरांना सांगायचं हुतं. ऱ्हाऊन गेलं."

आणि ते येऊन मागं बसले.

विधी संपल्यावर आम्ही दोघं स्टँडवर आलो. त्यांची कर्जतची गाडी, माझी नगरची. दोन्हींचा पत्ता नव्हता. आण्णांनी बाकावरची धूळ उपरण्यानं झटकली. मी बसले. पावसाळ्यात येऊन गेलात तर भेटला का नाहीत, असं विचारणार होते, पण वेगळंच तोंडातून निघालं.

"दमते हो मी, आण्णा."

हे मी त्यांना कधीच म्हटलं नव्हतं. त्या तीन वर्षांतही नाही.

आण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. गाड्या येतात त्या फाटकाकडे बघत राहिले. पिशवी उचलून पायांशी ठेवली आणि माझ्या बाजूला सरकले.

"टेक जरा," ते म्हणाले. "गाडी आली की उठवतो."